एजन्सीचं आयआर३५ डिक्लरेशन: सही करण्याआधीचे सात टप्पे

ब्रिटनमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून आयटीत कंत्राटावर काम करणाऱ्या मराठी मंडळींचा हा नेहमीचा घोळ आहे. शुक्रवारी संध्याकाळी रोल पक्का होतो, सोमवारी जॉइन व्हायचं असतं, आणि मधेच एजन्सीकडून ई-सहीची लिंक येते. आत सात-आठ पीडीएफ. पिवळ्या चौकटीवर बोट ठेवत ठेवत माणूस पाच मिनिटांत शेवटच्या पानावर पोचतो. आपण कराच्या दृष्टीने कोण आहोत हे एका पानावर लिहून दिलेलं असतं आणि कर चुकला तर भरपाई आपण देऊ असं दुसऱ्या पानावर. दोन्ही पानं न वाचताच गेलेली असतात.

आयआर३५ म्हणजे, स्वतःच्या कंपनीतून काम करणारा माणूस प्रत्यक्षात क्लायंटच्या (ज्याचं काम करतो त्याच्या) नोकरासारखा असेल, तर त्याला नोकरासारखाच कर लावणारे नियम. त्यांत बसलात तर ‘इनसाइड’, नाहीतर ‘आउटसाइड’. काहींना वाटतं, ‘मी आयआर३५ च्या बाहेर आहे’ अशी सही केली की आपण बाहेर. काही जण फॉर्म पाहूनच घाबरतात आणि गरज नसताना अंब्रेला कंपनीत (जी तुम्हाला आपला कर्मचारी करून कर कापून पगार देते) जातात. फॉर्मने स्टेटस ठरत नाही. ते प्रत्यक्ष काम कसं चालतं त्यावरून ठरतं, आणि ते ठरवायचं कोणी, हे कायद्याने नेमून दिलंय. म्हणून आधी निर्णय कोणाचा ते पाहायचं, मग काय निर्णय झाला ते वाचायचं आणि शेवटी त्याला धरून खरं असेल तेवढंच लिहून द्यायचं. खालचे टप्पे याच क्रमाने करा.

## टप्पा १: लिंक उघडण्याआधी कागद आणि नंबर जुळवा

एका फाइलमध्ये हे काढून ठेवा: कंपनीचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, कंपनीज हाउसचा आठ अंकी-अक्षरी नंबर, व्हॅट नोंदणी असल्यास तिचं सर्टिफिकेट, तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, शेअरहोल्डरांची यादी, आधीच्या नोकरीचा पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-कराचा दाखला) असल्यास तो आणि विम्याची कागदपत्रं.

नंबरांची गल्लत फार होते. यूटीआर, म्हणजे करदात्याचा ओळख क्रमांक, दहा अंकी असतो, पण तुमचा वैयक्तिक यूटीआर वेगळा आणि कंपनीचा वेगळा. फॉर्मवर नुसतं ‘यूटीआर’ असेल तर कोणाचा हवाय ते विचारा. एनआय, म्हणजे नॅशनल इन्शुरन्स, नंबरात दोन अक्षरं, सहा अंक आणि शेवटी एक अक्षर असतं. तो माणसाचा असतो, कंपनीला एनआय नंबर नसतो.

शेअरहोल्डरांची यादी कशाला? लिमिटेडमार्फत काम करत असाल तर त्या कंपनीत तुमचा, किंवा पती-पत्नीसारख्या जवळच्या माणसांसह मिळून, ५ टक्क्यांहून जास्त हिस्सा आहे का हे एजन्सीला माहीत असावं लागतं. तुम्ही ऑफ-पेरोल, म्हणजे आयआर३५ च्याच, नियमांत बसणाऱ्या कंपनीतून येताय की नाही, हे पैसे देणाऱ्याला सांगणं तुमच्यावर बंधनकारक आहे. हा प्रश्न टाळू नका, आणि सगळे शेअर बायकोच्या नावावर आहेत म्हणून ‘नाही’ असं लिहू नका.

थांबा: व्हिसा आणि कर-स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्किल्ड वर्कर व्हिसा स्पॉन्सरच्या नोकरीशी बांधलेला असतो. ती नोकरी सोडून स्वतःच्या लिमिटेडमधून कंत्राट घेणं त्यात बसत नाही, मग आयआर३५ चा निकाल काहीही असो. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा डिपेंडंट व्हिसावर असाल तर ही अडचण नाही.

## टप्पा २: पाकिटातले कागद वेगवेगळे करा

सगळे पीडीएफ उतरवून घ्या आणि प्रत्येकावर एक ओळ लिहा: हा कागद काय आहे? साधारण हे प्रकार निघतात.

१. एसडीएस, म्हणजे क्लायंटने दिलेलं स्टेटस डिटरमिनेशन स्टेटमेंट. यावर तुम्ही काही ठरवायचं नसतं. फार तर पोच द्यायची.

२. कंत्राटदाराचं डिक्लरेशन. तुमच्या तोंडी घातलेली विधानं. खरी जोखीम इथे.

३. मुख्य करार. भरपाईचं कलम बहुतेक याच्या पोटात लपलेलं असतं.

४. कंडक्ट रेग्युलेशन्सचा ऑप्ट-आउट. हा २००३ च्या एजन्सी नियमांखालचा कागद. याचा कराशी थेट संबंध नाही. ‘यावर सही केली की आउटसाइड व्हायला मदत होते’ असं एजंट सांगतो तेव्हा मान डोलावू नका. ऑप्ट-आउट केल्याने तुमची काही संरक्षणं जातात, उदाहरणार्थ क्लायंटने टाइमशीटवर सही केली नाही तरी केलेल्या कामाचे पैसे मिळण्याचा हक्क. आणि ऑप्ट-आउट ही काम देण्याची अट असू शकत नाही.

५. सेल्फ-बिलिंग करार. तुमच्या वतीने इनव्हॉइस एजन्सीच काढणार. मग तुम्ही वेगळं इनव्हॉइस काढायचं नाही, आणि व्हॅट नोंदणी नव्याने झाली किंवा रद्द झाली तर लगेच कळवायचं.

६. स्टार्टर चेकलिस्ट, म्हणजे नव्या कर्मचाऱ्याचा कर-कोड ठरवण्यासाठीचा फॉर्म. पगारी पद्धतीने, म्हणजे पीएवायईवर (कर आधीच कापून) पैसे मिळणार असतील तरच.

तपासा: आउटसाइड रोल म्हणून सांगितलं आणि पाकिटात स्टार्टर चेकलिस्ट निघाली, तर काहीतरी गफलत आहे. एजन्सीने चुकीचा संच पाठवला असेल किंवा रोल मुळातच इनसाइड असेल. उत्तर मिळेपर्यंत एकाही पानावर सही नको.

## टप्पा ३: निर्णय कोणाचा ते ठरवा

सगळ्यात जास्त लोक घसरतात ते इथे, म्हणून घाई करू नका.

क्लायंट सरकारी संस्था असेल, किंवा मध्यम वा मोठी खासगी कंपनी असेल, तर स्टेटस ठरवायचं काम क्लायंटचं. खासगी क्षेत्राला हे ६ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. क्लायंट लहान असेल तर निर्णय तुमच्या कंपनीचा, आणि चुकला तर वसुलीही तुमच्याच कंपनीकडून. क्लायंट परदेशी असून ब्रिटनमध्ये त्याचं काहीच अस्तित्व नसेल, तरी निर्णय तुमचाच. मात्र मुख्यालय पुण्यात असलेल्या कंपनीची लंडनमध्ये शाखा असेल, तर तिला ‘ब्रिटनशी संबंध नाही’ असं म्हणता येत नाही.

लहान म्हणजे किती? कंपनी कायद्यातल्या तीन कसोट्यांपैकी दोन पुऱ्या व्हाव्या लागतात. बरीच वर्षं त्या अशा होत्या: उलाढाल १ कोटी २ लाख पौंडांपर्यंत, ताळेबंद ५१ लाख पौंडांपर्यंत, कर्मचारी ५० पर्यंत. ६ एप्रिल २०२५ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी पहिल्या दोन मर्यादा दीड कोटी आणि ७५ लाख पौंड झाल्या. पण आयआर३५ साठी आधीच्या वर्षाचे हिशेब धरले जातात, त्यामुळे हा बदल लगेच परिणाम करत नाही. शिवाय समूहातली कंपनी असेल तर समूहाचा आकार धरला जातो. दहा माणसांचं ऑफिस दिसलं म्हणजे क्लायंट लहान, असा हिशेब चालत नाही.

अंदाज करत बसण्यापेक्षा विचारा. तुम्ही किंवा एजन्सीने लेखी विचारलं तर क्लायंटने ४५ दिवसांत आपला आकार सांगायचा असतो. ही तरतूद फारशी कोणी वापरत नाही, आणि एजंटांना तर बहुधा ती माहीतच नसते.

आता दुसरी गुंतागुंत: क्लायंट म्हणजे नेमका कोण? समजा काम एका बँकेचं आहे, बँकेने ते मोठ्या कन्सल्टन्सीला दिलंय, कन्सल्टन्सीने एजन्सीकडून माणसं मागवलीत आणि एजन्सीने तुमच्या लिमिटेडला. कन्सल्टन्सी बँकेला खरोखर पूर्ण सेवा विकत असेल, म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या किमतीत आणि आपल्या जबाबदारीवर पुरं करून देत असेल, तर कन्सल्टन्सीच क्लायंट ठरते. ती फक्त माणसं पुरवत असेल तर क्लायंट बँक. एसडीएस चुकीच्या पक्षाने काढलेलं असलं तर पुढची सगळी कागदपत्रं कच्च्या पायावर उभी राहतात. साखळीतली नावं एजन्सीकडून लेखी घ्या.

## टप्पा ४: एसडीएस मागा आणि ते खरंच एसडीएस आहे का पाहा

मध्यम किंवा मोठा क्लायंट असेल तर एसडीएस थेट तुमच्या हातात पडलं पाहिजे. त्यात निष्कर्ष हवा आणि त्याची कारणं हवीत, आणि ते नीट काळजी घेऊन काढलेलं हवं. ‘हा रोल आउटसाइड आयआर३५ आहे’ एवढी एजंटच्या ईमेलमधली ओळ म्हणजे एसडीएस नव्हे. ‘आमच्याकडचे सगळे कंत्राटदार इनसाइड’ असा सरसकट फतवाही काळजी घेतल्याच्या व्याख्येत बसत नाही.

वाचताना तीन गोष्टी पाहा. तुमचं किंवा निदान तुमच्या रोलचं नाव आहे का, तारीख काम सुरू होण्याआधीची आहे का, आणि कारणांमध्ये लिहिलेलं काम तुम्ही करणार आहात तेच आहे का. ‘प्रोजेक्ट पुरा करून देण्यासाठी बोलावलेला तज्ज्ञ’ असं एसडीएस म्हणत असेल आणि मुलाखतीत मॅनेजर म्हणाला असेल की ‘आमचा एक जण सुटीवर चाललाय, त्याची जागा भरायची आहे’, तर ते एसडीएस पहिल्याच चौकशीत टिकणार नाही.

एसडीएस मिळालं नसेल तर एजन्सीला लिहा. इंग्रजीत अर्थातच, पण आशय असा ठेवा: ‘या नेमणुकीसाठी क्लायंट कोण आहे, तो लहान आहे की मध्यम वा मोठा, आणि एसडीएस कोणत्या तारखेला काढलं, हे कृपया लेखी कळवा. एसडीएसची प्रत मिळाल्यावर मी डिक्लरेशन भरून पाठवीन.’ यात भांडण नाही, नकारही नाही. बहुतेक वेळा याच ईमेलवर कागद येतो.

सावध: काही एजन्सी तुम्हालाच एचएमआरसीचं (ब्रिटनच्या कर खात्याचं) ‘सेस्ट’ हे ऑनलाइन साधन भरून निकाल पाठवायला सांगतात आणि तोच एसडीएस म्हणून पुढे करतात. निर्णय क्लायंटचा असेल तिथे तुम्ही माहिती द्यावी, निकाल देऊ नये. स्वतःच्या खातरजमेसाठी सेस्ट जरूर भरा. मात्र उत्तरं एचएमआरसी साठवून ठेवत नाही, म्हणून निकालाची पीडीएफ त्याच वेळी उतरवून घ्या. भरलेली माहिती खरी असेल तरच एचएमआरसी त्या निकालाच्या मागे उभी राहते.

## टप्पा ५: डिक्लरेशन एक-एक वाक्य करून वाचा

प्रत्येक वाक्यापुढे तीनपैकी एक शेरा मारा: ‘मला माहीत आहे’, ‘मला माहीत नाही’, ‘हे खोटं आहे’. पहिला शेरा मिळालेल्या वाक्यांवरच सही करायची. वारंवार येणारी वाक्यं ही:

‘कंत्राटदार आयआर३५ च्या बाहेर आहे आणि राहील.’ इथे ‘राहील’ हा शब्द काढून टाका. सहा महिन्यांनी क्लायंट काम कसं देईल ते तुमच्या हातात नाही. त्याऐवजी सुचवा: ‘क्लायंटने अमुक तारखेला दिलेल्या एसडीएसनुसार ही नेमणूक आउटसाइड आहे, कामाची पद्धत बदलल्याचं माझ्या लक्षात आल्यास मी कळवीन.’

‘कंत्राटदारावर कोणाचीही देखरेख, दिशा किंवा नियंत्रण नाही.’ रोजच्या स्टँड-अपमध्ये हजेरी, टीम लीड ठरवील ते तिकीट, सुटीसाठी मॅनेजरची मंजुरी हे सगळं असेल तर या वाक्यावर सही म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा. लिमिटेड न काढता सोल ट्रेडर म्हणून एजन्सीतून काम करणाऱ्यांना हे वाक्य आणखी जड जातं, कारण तिथे नियंत्रण आहे असंच कायदा गृहीत धरतो आणि नाही हे दाखवावं लागतं. दाखवता आलं नाही तर एजन्सीला पीएवायई कापावाच लागतो.

‘कंत्राटदाराला बदली माणूस पाठवण्याचा पूर्ण हक्क आहे.’ करारात असं कलम असतं, पण क्लायंटचा मॅनेजर म्हणतो, ‘लॅपटॉप आणि सिक्युरिटी क्लिअरन्स तुझ्याच नावावर आहे.’ कागदावरच्या हक्काला किंमत तेव्हाच, जेव्हा क्लायंट तो प्रत्यक्षात मान्य करील. हे क्लायंटकडून लेखी घ्या, नाहीतर ‘करारातील अमुक कलमानुसार’ एवढं जोडा.

‘माझी कंपनी सर्व कर, व्याज, दंड आणि खर्चाची भरपाई एजन्सीला देईल.’ हे भरपाईचं कलम. मध्यम-मोठ्या क्लायंटच्या आउटसाइड रोलमध्ये निर्णय चुकला तर कायद्याप्रमाणे कराचा बोजा पैसे देणाऱ्यावर येतो, म्हणजे बहुधा एजन्सीवर. या एका वाक्याने ती तो करारातून तुमच्यावर ढकलते. मागणी अशी ठेवा: भरपाई फक्त तेव्हाच, जेव्हा मी जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्यामुळे कर लागला असेल, आणि तिला रकमेची मर्यादा असावी. शिवाय ६ एप्रिल २०२४ पासून, अशी वसुली करताना तुम्ही आणि तुमच्या कंपनीने त्याच उत्पन्नावर आधीच भरलेला कर एचएमआरसीला वजा धरता येतो. वजा केलेली ती रक्कम एजन्सीला तुमच्याकडून मागता येणार नाही, असं कलमात घालून घ्या. एजंट म्हणेल, ‘हे स्टँडर्ड आहे, बदलत नाही.’ विचारलं तर बदलतं. निदान मर्यादा तरी येते.

सावध: एजन्सी कर कापू नये म्हणून मुद्दाम खोटे कागद दिले, तर कराची जबाबदारी थेट तुमच्यावर येऊ शकते. ‘सगळेच असं लिहितात’ हा बचाव होत नाही.

## टप्पा ६: रोल इनसाइड असेल तर वेगळा रस्ता

इनसाइड म्हणजे कर आणि एनआय कापूनच पैसे येणार. एजन्सीच्या पीएवायईवर, अंब्रेलामार्फत किंवा तुमच्या लिमिटेडला कापलेली रक्कम मिळून, असे तीन मार्ग असतात. सांगितलेल्या रेटमधून मालकाच्या वाट्याचं एनआय वजा होणार का, हे आधी विचारा. एप्रिल २०२५ पासून ते १५ टक्के आहे. अंब्रेलाच्या ‘असाइनमेंट रेट’मध्ये ते धरलेलं असतं, म्हणून तो आकडा पगार समजून खूश होऊ नका. उलट तुमच्या लिमिटेडला कापून देताना मालकाचं एनआय तुमच्या रकमेतून वजा करायला कायद्याने मनाई आहे.

पीएवायई किंवा अंब्रेला असेल तर स्टार्टर चेकलिस्ट येते आणि नेमकी चूक ए, बी, सी या विधानांमध्ये होते. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही पहिलीच नोकरी. बी म्हणजे आता ही एकच, पण याआधी याच कर-वर्षात दुसरी होती. सी म्हणजे याशिवाय दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे. आपल्या लिमिटेडमधून संचालक म्हणून दरमहा पगार घेत असाल, तर ती दुसरी नोकरी आहे. खूण सी वर.

लोक ए वर करतात, कारण ‘दुसरीकडे कुठे नोकरी करतो?’ मग १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा दोन ठिकाणी वापरली जाते, आणि पुढे सेल्फ असेसमेंटमध्ये (वार्षिक कर-विवरणात) निदान २,५१४ पौंडांचा कर एकदम भरावा लागतो. ४० टक्क्यांच्या पट्ट्यात असाल तर आणखी जास्त. सी वर खूण केली की बहुधा बीआर कोड लागतो, म्हणजे पहिल्या पौंडापासून २० टक्के. उत्पन्न मोठं असेल तर तेही पुरत नाही, फरक बाजूला काढून ठेवा. चेकलिस्टच दिली नाही आणि पी४५ ही नसेल, तर कोणतीही सवलत नसलेला शून्य टी कोड लागतो. आधीच्या अंब्रेलाचा पी४५ हातात असेल तर तो द्या.

विद्यार्थी कर्जाचा रकाना फक्त ब्रिटिश सरकारी विद्यार्थी कर्जांसाठी आहे. भारतातल्या बँकेकडून काढलेलं शैक्षणिक कर्ज इथे लिहायचं नाही. लिहिलं तर नसलेल्या कर्जाचा हप्ता पगारातून कापला जाऊ लागेल.

निर्णय पटला नाही तर: क्लायंटला कारणांसह लेखी हरकत पाठवा. त्याने ४५ दिवसांत निर्णय कायम ठेवल्याची कारणं किंवा नवं एसडीएस द्यायचं असतं. दिलं नाही तर कराची जबाबदारी त्याच्यावर सरकते. मधल्या काळात कपात चालूच राहते. हरकत शेवटचा पैसा मिळेपर्यंत घेता येते, पण कामाची रोजची पद्धत दाखवणारे ईमेल पहिल्या आठवड्यापासून जमवले असतील तरच तिला वजन येतं.

## टप्पा ७: सही, प्रती आणि नंतरचे बदल

सही करायचा क्रम असा ठेवा: आधी एसडीएस हातात, मग दुरुस्त केलेला करार, शेवटी डिक्लरेशन. ई-सहीच्या लिंकमध्ये सगळं एकत्र असेल तर दुरुस्त प्रत येईपर्यंत लिंक तशीच राहू द्या. बहुतेक प्लॅटफॉर्मवर पानागणिक सही थांबवता येत नाही.

सही झाल्यावर पूर्ण संच उतरवून घ्या. एजन्सीचं पोर्टल कंत्राट संपलं की बंद होतं. एसडीएस, डिक्लरेशन, सेस्टची पीडीएफ आणि क्लायंटच्या आकाराचं उत्तर एकत्र ठेवा. कंपनीचे हिशेब सहा वर्षं ठेवावे लागतात, त्याच फोल्डरमध्ये हेही.

पुढे काय बदलू शकतं? एक्स्टेन्शन आलं आणि काम तेच राहिलं, तरी आधीचं एसडीएस अजून लागू आहे ना, हे लेखी विचारा. मॅनेजर बदलला आणि तो तुम्हाला टीममधल्या कर्मचाऱ्यासारखं वापरू लागला, तर ‘कळवीन’ असं डिक्लरेशनमध्ये लिहिलंय हे लक्षात ठेवून कळवा. दिवाळीला पुण्याला जाऊन दोन महिने तिथूनच लॉगिन करायचा बेत असेल, तर काम कुठून होणार या रकान्यातलं उत्तर बदलतं. एजन्सी आणि क्लायंट दोघांनाही तिकीट काढण्याआधी विचारा. बऱ्याच क्लायंटांची सुरक्षा-धोरणंही परदेशातून लॉगिनला परवानगी देत नाहीत. आणि एक्स्टेन्शनसोबत नवा संच आला, तर टप्पा दोनपासून पुन्हा. जुन्या सहीच्या भरवशावर राहू नका, कारण भरपाईचं कलम नव्या प्रतीत गुपचूप परत आलेलं असू शकतं.